चाराबाईंनी सांगितलेली एकच लढाई

इतिहास शिकवणाऱ्या बाईंना लढायांचा कंटाळा असणं एक वेळ दुसरीकडे कुठं खपून गेलं असतं. आमची शाळा जुन्नरला. वर्गाच्या खिडकीतून शिवनेरी दिसतो, आणि इथली मुलं चालायला लागायच्या आधी तलवारीचे हात करतात. अशा ठिकाणी आमच्या चाराबाईंनी निवृत्त होईपर्यंत वर्गात एकही लढाई शिकवली नाही. लढाईचं पान आलं की त्या चष्मा नाकावर सरकवायच्या आणि एका दमात म्हणायच्या, "लढाई झाली, कोण जिंकलं ते पुस्तकात दिलंय, घरी वाचा. पुढे." पुढे म्हणजे तह. तहाला मात्र त्यांना तास पुरत नसत.

लढाईच्या अलीकडचा भागही असाच लांबायचा. फौज निघाली असं पुस्तकात आलं की बाई पुस्तक मिटायच्या आणि विचारायच्या, "घोडं खातं काय?" मग कडबा कुठल्या गावचा, विहिरी कुणाच्या, त्या साली पाऊस कसा झाला होता, हे सगळं निघायचं. फौज बिचारी तासाची घंटा होईपर्यंत छावणीतच. मुलांनी त्यांचं नाव चाराबाई ठेवलं. खरं नाव शालिनी. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं आहे की. आधीच्या सरांना तोफ म्हणायचे."

मी त्याच शाळेत गणित शिकवायचे. नव्वद सालानंतर लागले आणि शिक्षकांच्या खोलीत बाईंच्या शेजारची खुर्ची मिळाली. बाई सहकाऱ्यांना विषयाच्या नावानं हाक मारायच्या. "गणित, चहा घेतेस?" "भूगोल, खिडकी लाव." मुख्याध्यापक कुठलाच विषय शिकवत नसत, म्हणून त्यांना 'सर' म्हणायच्या.

एकदा नांदखेड्याहून एक पालक तक्रार घेऊन आले. हातात टोपी, चेहऱ्यावर संकोच. "बाई, राग मानू नका, पण आमचा बबन म्हणतोय तुमी लढाई सांगतच न्हाई. शिवनेरीच्या पायथ्याला शिकायचं आन् पोराला लढाई येऊ नये, म्हंजी लोकं काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "लढाई त्याला येते. रोज मधल्या सुट्टीत करतो. काल एकाचा दात पाडलाय. त्याला जे येत नाही ते मी शिकवते." पालकांनी दाताची चौकशी केली आणि निमूट गेले. बबनला बाईंनी इतिहासात दोनदा नापास केलं. हा बबन पुढं येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

बाईंचं म्हणणं साधं होतं. दोन राजे देवाधर्मासाठी भांडले असं पुस्तकात लिहिलेलं असलं, की त्या फळ्यावर नकाशा लावायला सांगायच्या. घाटवाट कुठं, नदी कुठं, काळी जमीन कुणाकडे. मग कुणाची मुलगी कुणाला दिली होती ते बघायचं. "देव कुणाचा हे सगळ्यात शेवटी विचारा," त्या म्हणायच्या. "आधी पाणी कुणाचं आणि सोयरा कुणाचा." परीक्षेत मुलं हेच लिहायची आणि तपासनीस त्यांचे मार्क कापायचे. बाईंची त्यावर काही हरकत नसे. मार्क हा त्यांच्या मते तपासनीसांचा प्रश्न होता.

शिक्षकांच्या खोलीतलं एक भांडण मला आठवतं. मराठीचे सर आणि शास्त्राचे सर एकमेकांशी बोलेनासे झाले. निमित्त प्रार्थनेचं, सकाळी कुठली प्रार्थना आधी म्हणायची, यावरून. बघता बघता आंबेगाव तालुक्याकडचे सगळे शास्त्राच्या बाजूला आणि जुन्नरचे मराठीच्या बाजूला गेले. मी स्वतः जुन्नरची, त्यामुळे प्रार्थनेबद्दल काही मत नसताना मराठीच्या बाजूला होते. बाईंनी आठवडाभर नुसतं पाहिलं. एका सकाळी लवकर येऊन त्यांनी मराठीच्या सरांच्या खुर्चीमागचा पाण्याचा माठ उचलला आणि दाराजवळ नेऊन ठेवला. उन्हाळ्याचे दिवस होते. पुढच्या आठवड्यात दोघं एका डब्यातली मटकीची उसळ खाताना दिसले. स्नेहसंमेलनाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी सामंजस्याचं श्रेय प्रार्थनेला दिलं.

सहल नाणेघाटला गेली तेव्हा तर कहर झाला. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. बाई त्याच्याशेजारी पदर खोचून बसल्या आणि म्हणाल्या, ज्याला घाट बघायला पुढं जायचं असेल त्यानं डब्यातला निम्मा खाऊ इथं ठेवायचा. मुलांना आधी गंमत वाटली. मग राग आला. काहींनी दुसरी वाट शोधली, काहींनी बाईंशी नातं काढलं, "बाई, माझी आई तुमच्या गावची आहे." एकानं सरळ लाडू पळवला. बाईंनी अर्ध्या तासानं सगळं परत वाटून टाकलं आणि म्हणाल्या, "झालं. आता पुढचे चार धडे शिकवायची गरज नाही." खरंच शिकवले नाहीत.

बाईंना पुरावा लागायचा. "आज फार उकडतंय" म्हटलं तरी म्हणायच्या, "पुरावा?" परीक्षेच्या पेपरात कुणाचं साल चुकलं तर अर्धा मार्क जायचा, आणि कुणी साल न लिहिता "पूर्वीच्या काळी" असं लिहिलं तर पूर्ण मार्क जायचा. "पूर्वीच्या काळी राक्षस असतात," त्या म्हणायच्या. पण या नियमाला एक अपवाद होता, आणि तो म्हणजे त्यांचा दादा. दादा म्हणाला की संपलं. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं सातवीत शाळा सोडून नांगर धरला आणि बहिणीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून जुन्नरला शाळेत पोचवलं. भावकी म्हणाली, "पोरीला शिकवून काय कलेक्टर करतो का?" दादा म्हणाला, "न्हाई, मास्तरीण," आणि बैलांना पाणी पाजायला गेला. ही गोष्ट बाईंनी मला इतक्यांदा सांगितली, की त्या विसरल्या असत्या तर मी सांगितली असती.

बाईंचं माहेर पिंपळदरा आणि सासर नांदखेडे. दोन्ही गावं एकाच नदीवर, पिंपळदरा वर आणि नांदखेडे खाली, मध्ये तासाभराची पायवाट. "मी पाण्यासारखी उताराला गेले," बाई म्हणायच्या. दोन्ही गावांनी पिढ्यान् पिढ्या एकमेकांना मुली दिल्या होत्या. यजमान शांत होते. बाई बोलायच्या आणि ते गाईचं दूध काढायचे.

दोन गावांच्या मधोमध बंधारा आहे. आमच्याकडे असतात तसला, कोल्हापूर पद्धतीचा. दगडी खांबांच्या मध्ये लोखंडी ढापे बसवायचे. ढापे बसवले की पाणी वर पिंपळदऱ्याला थांबतं, काढले की खाली नांदखेड्याला जातं. एवढ्या साध्या यंत्रावर किती डोकी फुटतात ते आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही दवाखान्यात विचारावं. या बंधाऱ्याची एक रीत होती. पिंपळदऱ्याचा भैरोबा हा नांदखेड्याच्या देवीचा भाऊ. चैत्रातल्या यात्रेआधी देवी नदीवर न्हायला येते, म्हणून भावानं बहिणीला पाणी सोडायचं. पिंपळदऱ्याची माणसं वाजतगाजत येऊन ढापे काढायची, दिवसभर नदी वाहायची. देवी न्हायची आणि नांदखेड्याच्या विहिरींना पाझर यायचा. विहिरींचं कुणी बोलत नसे.

एका साली पाऊस निम्माच झाला. चैत्र आला तेव्हा बंधाऱ्यात कमरेएवढं पाणी होतं आणि काठावर मोटरींची रांग. पिंपळदऱ्याच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष बाईंचे दादा. कमिटीनं विचार केला, की देवीला न्हायला लागतं तरी किती? त्यासाठी नदी कशाला सोडायची? त्यांनी टँकर पाठवायचं ठरवलं. टँकरला आंब्याचे डहाळे बांधले, पुढं नारळ फोडला, मागं हलगी लावली. कमिटीच्या मते हा देवीचा मानच होता. आजवर तिच्यासाठी कुणी गाडी पाठवली नव्हती.

नांदखेड्याला ते पटलं नाही. "आमची देवी काय टँकरनं न्हाणार? टंचाईग्रस्त हाये का ती?" असं म्हणून त्यांनी टँकरच्या चाकांतली हवा सोडली. आमचा बबन तोवर मिशा फुटून तरुण मंडळाचा म्होरक्या झाला होता. तो पोरं घेऊन बंधाऱ्यावर गेला आणि ढापे उपसायला लागला. वरून पिंपळदऱ्याची पोरं आली. दगड झाले, काठ्या झाल्या, डोकी फुटली, पोलिसांची गाडी आली. यात्रा बंद, पालखी बंद. आणि दोन्ही गावांनी एकाच दिवशी तोच ठराव केला, जणू आपापसात ठरवूनच: आपल्या लेकींनी त्या गावातून इकडे यायचं नाही, आणि आपल्या सुनांनी तिकडे जायचं नाही. पिंपळदऱ्याचा ठराव मोडू न देणं अध्यक्षांचं काम. म्हणजे दादांचं.

बाईंनी दुसऱ्या दिवशी मला सगळं समजावून सांगितलं, खडूनं टेबलावर नदी काढून. "हे न्हाण म्हणजे तह आहे, गणित. दुष्काळात खालच्याला निदान प्यायला पाणी मिळावं म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं ठरवलेलं. पाणी मागितलं तर वरचा नाही म्हणेल. देवीला न्हायला मागितलं तर कसं नाही म्हणेल? लोक देवाचं नाव भांडायला घेतात तसं पाणी द्यायलाही घेतात, हे मला आत्ता कळतंय."

"पुरावा?" मी विचारलं. मला वाटलं होतं त्या हसतील.

"नाही," त्या म्हणाल्या. "पुरावा काहीच नाही." मग त्यांनी टेबलावरची नदी पदरानं पुसली. "दादाचं घर मला बंद झालं गं." एवढंच बोलल्या आणि दोघींच्या कपबश्या विसळायला घेऊन गेल्या. त्या आठवड्यात त्यांनी वर्गात कुणाला पुरावा मागितला नाही. मुलंसुद्धा घाबरली.

शेवटी तहसीलदारांनी एका रविवारी बंधाऱ्यावर बैठक लावली. एका काठावर एक गाव, दुसऱ्या काठावर दुसरं, मध्ये बंधाऱ्याच्या भिंतीवर तहसीलदार आणि एक छत्री. तासभर दोन्हीकडून नुसता आरडाओरडा झाला. एकाच गोष्टीवर दोन्ही गावांचं एकमत होतं, की बाईंना विचारा. बाई एका गावची लेक, दुसऱ्या गावची सून, आणि दोन्ही काठांवरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. "बाई, इतिहास काय म्हणतो ते सांगा. ही रीत खरी का नुसतीच पडलेली?" मला बाईंनी सोबतीला नेलं होतं. मी भिंतीच्या कडेला उभी होते. दादा समोरच, पहिल्या ओळीत, हाताची घडी घालून. मान खाली.

बाई भिंतीवर चढल्या. त्यांनी पाण्याकडे बघितलं, दोन्ही काठांकडे बघितलं. आणि मग त्यांनी लढाई सांगितली.

देवाशपथ सांगते, तशी लढाई मी पुन्हा ऐकली नाही. याच जागी, याच पाण्यावरून, पूर्वीच्या काळी दोन्ही गावं एकमेकांवर तुटून पडली होती. पिंपळदऱ्याचा राणोजी आणि नांदखेड्याचा म्हाळोजी, दोघे मामेभाऊ-आतेभाऊ, एका ताटात जेवलेले. बाईंचा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या हातवारे करत होत्या, त्यांच्या बोटांतून तलवारी निघत होत्या. राणोजीच्या छातीत भाला गेला तेव्हा पिंपळदऱ्याच्या काठावरून "अरारारा" असा आवाज आला. म्हाळोजी पडला तेव्हा नांदखेड्याच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. बबनच्या तोंडात माशी गेली असती तरी त्याला कळलं नसतं. नदी लाल झाली, देवीच्या घाटापर्यंत लाल पाणी गेलं, आणि देवी न्हायची राहिली. तेव्हा दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी पाण्यात उभं राहून शपथ घेतली: दरसाल बहिणीच्या न्हाणाला पाणी सुटेल, आणि या बांधावर पुन्हा रक्त सांडणार नाही.

मी गणिताची शिक्षिका. दोन्हीकडचे मुडदे मी मनातल्या मनात मोजले होते. ते बरोबर समान निघाले. जखमाही समान. आणि ज्या बाई "पूर्वीच्या काळी" लिहिल्यावर पूर्ण मार्क कापायच्या, त्यांनी साल सांगितलं नव्हतं.

तहसीलदारसुद्धा छत्री मिटून उभे होते. मग दादा उठले. भिंतीवर आले, बहिणीकडे बघितलं, लोखंडी आकडा घेतला आणि पहिला ढापा त्यांनी उचलला. त्यांचा ढापा वर आला तसा दोन्ही काठांवरून गलका झाला, पोरं धावली, बबन तर कपड्यांसकट पाण्यात उतरला. पाणी खाली निघालं. त्या साली यात्रा उशिरानं झाली, पण झाली, आणि माहेरच्या वाटा उघडल्या.

परतताना एसटीत मी हळूच विचारलं, "साल कुठलं होतं, बाई?"

"कसलं?"

"लढाईचं."

"गणित, गप्प बस." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बाकीच्यांचं मला काही वाटत नाही. पण दादा माझ्या तोंडाकडे बघत होता गं. त्यानं मला शिकवलं, आणि मी त्यालाच फसवलं." त्या रडत होत्या. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं आणि मीच काढलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. काही वर्षांनी कालव्याला पाणी आलं. वर ऊस, खाली ऊस. बंधाऱ्याचे ढापे काढा नाहीतर ठेवा, कुणाला फरक पडेना. आता भांडायला काही उरलं नाही असं आम्हाला वाटलं. बाईंचा सगळा इतिहास त्याच बाजूचा होता. पण लढाई मागं उरली होती, आणि तिला चाऱ्याची गरज नव्हती. नांदखेड्याच्या मंडळानं म्हाळोजीचा पुतळा बसवायचा ठरवला, बंधाऱ्यावर, पिंपळदऱ्याकडे तलवार उगारलेला. पिंपळदऱ्यानं लगेच राणोजीचा ठरवला, आणि तो घोड्यावर. बबन बाईंच्या घरी विचारायला आला, "बाई, राणोजीकडं खरंच घोडं व्हतं का? तुमी तवा घोड्याचं काय बोलला नव्हता." बाई म्हणाल्या, "बबन, तेव्हा विचारायचं होतंस." पहिला वार कुणी केला, यावरून यात्रेत बाचाबाची झाली. मग दगड झाले. पुन्हा एक डोकं फुटलं, पाण्याचा एक थेंबही मध्ये नसताना.

बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी स्वतः निरोप धाडून दोन्ही गावांना बंधाऱ्यावर बोलावलं. मला म्हणाल्या, "आज दादा मला कायमचा तुटणार. पण आता सांगायलाच हवं." त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती, परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखी. भिंतीवर चढल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "ती लढाई झाली नाही. मी रचली. राणोजी नव्हता, म्हाळोजीही नव्हता. एकही माणूस मेला नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बबन पुढं आला. "बाई, असं बोलू नका. पूर्वज हायेत ते आमचे." पिंपळदऱ्याचा एक म्हातारा म्हणाला, की त्याची आजी जात्यावर राणोजीच्या ओव्या म्हणायची, त्यानं स्वतः ऐकल्यात. "पुरावा काय?" बाई ओरडल्या. "पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"तुमी की," बबन म्हणाला. "तुमीच सांगितलंय. तुमी कदी खोटं बोलला का, बाई?"

तेवढ्यात दादा उठले. आता ते काठी टेकत चालायचे. बाई बंधाऱ्याचा कठडा धरून त्यांच्याकडे बघत होत्या. दादा म्हणाले, "बाई थकल्यात. रिटायर झाल्यापासनं त्यांचं असंच चाललंय. मनावर घेऊ नका. लढाई झाली ती झाली, आमच्या बहिणीनं सांगितली म्हंजी खरीच. पर पुतळं बितळं नकोत. दोघांचा मिळून एक दगुड मांडा, शेंदूर लावा, नाव नगं." दादांचा शब्द मोडायची दोन्ही काठांवर कुणाची टाप नव्हती. दगड मांडला गेला. शेंदूर लागला. भांडण मिटलं.

बाईंचं मात्र मिटलं नाही. बंधाऱ्यावरून जाता येता लोक त्या दगडाला हात लावून कपाळाला लावतात, म्हणून त्या माहेरी जायला लांबच्या पुलावरून जायला लागल्या. दादांकडे गेल्या तरी लढाईचा विषय काढत नसत. मला दर भेटीत म्हणायच्या, "त्याला खरंच वाटतं गं. सगळ्या गावापुढं त्यानं माझी बाजू घेतली. मी खरं सांगितलं ते त्याला खोटं वाटलं, आणि खोटं सांगितलं ते तो उराशी धरून बसलाय." मी म्हटलं, एकदा घरात एकट्यालाच सांगा. म्हणाल्या, "आता या वयात त्याचा माझ्यावरचा विश्वास काढून घेऊ?" हे त्यांनी किती मनाला लावून घेतलं होतं, ते जवळ बसणाऱ्यालाच कळायचं. मला त्यांचं वाईट वाटायचं आणि चीडही यायची.

बाई एका हिवाळ्यात गेल्या, झोपेत. मी निरोप मिळाल्या मिळाल्या नांदखेड्याला गेले. अंगणात दोन्ही गावं बसली होती. माहेरची साडी आल्याशिवाय सवाशिणीला उचलत नाहीत, म्हणून सगळे पिंपळदऱ्याच्या वाटेकडे बघत होते. दादा आले. नातवानं मोटरसायकलवरून आणलं होतं, काखेत साडी. त्यांनी ती बहिणीच्या अंगावर घातली, पदर नीट केला आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी ओट्यावर बसले. पलीकडे बबन कुणा पाहुण्याला राणोजी-म्हाळोजीची लढाई सांगत होता. चांगली सांगत होता.

दादा ऐकत होते. थोड्या वेळानं मला म्हणाले, "म्याडम, तुमी तवा हुतात न्हाई का बंधाऱ्यावर? तिनं सांगितली तवा?"

"होते."

"आमचा आजा सांगायचा, हितं आदी बांधच नव्हता. त्यानं आन् नांदखेड्याच्या दोगातिगांनी मिळून मातीचा घातला, एका उन्हाळ्यात. देवीच्या न्हाणाला पाणी सोडायचं ते बी त्यांनीच ठरवलं. बांध पुरा झाल्यावर जेवाण केलं, त्या जेवणात. कुनी कुनाला बोट बी लावलं नाय. लढाई व्हईल कशी?"

म्हणजे तह खरा होता. बाईंनी खडूनं टेबलावर काढला होता तसाच. आणि त्याचा पुरावा सगळा वेळ दादांच्या घरात होता. दादांना तेवढा कधी पुरावा विचारायचा नाही, हाच तर बाईंचा नियम.

"म्हणजे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं?"

"पयल्या भाल्यालाच कळलं."

"मग ढापा का उचललात?"

"कमिटीच्या पुढं मला बी काय करता येत नव्हतं. आन् ती तिथं सगळ्यांसमूर उभी ऱ्हाऊन मागत व्हती. जल्मात माझ्याकडं तिनं काय मागितलं नव्हतं, म्याडम. पयल्यांदा मागितलं, ते बी असं, राणोजीला मधी घालून." ते हसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

मला राहवलं नाही. बाई आत पडल्या होत्या आणि मी ओट्यावर म्हाताऱ्या माणसावर चिडले. "अहो, मग त्यांना एकदा सांगायचंत तरी! दादाला फसवलं म्हणून इतकी वर्षं झुरत होत्या त्या. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, तुम्हाला ती खरी वाटते."

हे दादांना माहीत नव्हतं. त्यांनी दाराकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "सांगितलं तर तिचा हिरमोड व्हईल. लई मन लावून सांगितली व्हती वो तिनं."